पांखरांचें दुखणें

पिंजऱ्यांतील पांखरूं मेलें म्हणजे घरांत एक वाक्य हमखास ऐकूं येतें : “काल संध्याकाळपर्यंत अगदीं चांगलें होतें हो !” असें म्हणणारा मनुष्य खोटें बोलत नसतो. त्यानें संध्याकाळीं दाणा घातलेला असतो, पाणी बदललेलें असतें, पांखरानें मान वळवून त्याच्याकडे पाहिलेलेंही असतें. आणि तरीही तें पांखरूं आठ दिवसांपासून, कदाचित् महिन्यापासून आजारी असण्याचा संभव फार मोठा. पशुवैद्याकडे येणाऱ्या रुग्णांत आपलें दुखणें इतक्या चिकाटीनें लपविणारा दुसरा रुग्ण क्वचित् सांपडेल. बैल दुखऱ्या पायावर भार टाकीत नाहीं, कुत्रें कण्हतें. पांखरूं मात्र मालकाचीं पावलें वाजतांच पिसें सांवरून ताठ बसतें.

या वागण्याचें कारण रानांत शोधावें लागतें. थव्यांत जो पक्षी मागें राहतो, ज्याचा एक पंख ओघळलेला दिसतो, त्याच्यावर ससाण्याची नजर प्रथम जाते. पिंजरा चार भिंतींच्या आंत टांगला आणि समोर वाटींत राळे घातले म्हणून हजारों पिढ्यांची ही संवय सुटत नाहीं. म्हणून पिंजऱ्याच्या तळाशीं अंग फुगवून, डोळे मिटून बसलेलें पांखरूं दिसलें म्हणजे दुखणें नुकतेंच सुरू झालें असें समजूं नये. लपविण्याची शक्ति संपली, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हां पांखराला पाहावयाचें तें दुरून आणि त्याच्या नकळत. दाराआडून पांच मिनिटें पाहिलें तर जें दिसतें तें पिंजऱ्याशीं नाक लावून तासभर पाहिल्यानें दिसत नाहीं. बसल्याजागीं शेंपटी श्वासाबरोबर वरखालीं होते काय? भर दुपारीं दोन्ही पायांवर बसून डुलकी घेतें काय? निरोगी पांखरूं बहुधा एक पाय पोटाशीं घेऊन झोपतें. सकाळची किलबिल उशिरां सुरू होऊं लागली काय? दाणा खातें असें वाटतें. पण तें दाणे नुसते सोलून टाकीत तर नाहीं? वाटींतील फोलांवर फुंकर घातल्यावांचून या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं, आणि फोलांनीं भरलेल्या वाटीसमोर उपाशी मेलेल्या पांखरांची संख्या लहान नसावी.

याहून खात्रीचे साक्षीदार दोन. पहिला तराजू. बाजारांत ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात तो बहुधा ऑस्ट्रेलियांतील बजरीगर असतो. त्याचें वजन तीस-चाळीस ग्रॅमच्या आसपास. त्यांतून साडेतीन ग्रॅम उतरले तर माणसाच्या हिशेबानें तें सहा-सात किलो उतरल्यासारखें आहे. डोळ्यांना हा फरक कळत नाहीं, कारण वरून पिसारा तसाच असतो. परंतु एका ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा स्वयंपाकघरांतील कांटा आतां महाग नाहीं. आठवड्यांतून एकदां, सकाळीं दाणा घालण्यापूर्वीं, पांखराला त्यावर बसवून आंकडा वहींत टिपून ठेवणें हें कोणत्याही टॉनिकपेक्षां अधिक उपयोगी पडतें.

दुसरा साक्षीदार म्हणजे पिंजऱ्याच्या तळाचा कागद. पुष्कळ घरीं तेथें वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरतात. त्याऐवजीं साधा कागद घालावा आणि तो रोज बदलावा. पांखराच्या विष्ठेचे तीन भाग असतात : हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग हा आंतड्याचा, भोंवतालचें पाणी हें मूत्र, आणि पांढरा खडूसारखा भाग हें मूत्रपिंडांनीं बाहेर टाकलेलें यूरिक आम्ल. पांढऱ्या भागाला पिंवळा किंवा हिरवा रंग आला तर यकृताकडे संशय जातो; घट्ट भाग नाहींसा झाला तर पोटांत कांहीं जात नाहीं हें उघड होतें. घरांत नाकें मुरडलीं जातील. पण वैद्याला मात्र हा कागद पांखराइतकाच बोलका वाटतो.

पांखराची श्वसनाची रचना आपल्याहून अगदीं निराळी आहे. त्याच्या छातीच्या आणि पोटाच्या मध्यें आपल्यासारखा पडदा नाहीं. फुप्फुसें लहान व जवळजवळ न हलणारीं. त्यांच्या पुढेंमागें पातळ पिशव्या असतात, बहुतेक जातींत नऊ, आणि त्या भात्यासारखें काम करतात. श्वास घेतांना आणि सोडतांनाही ताजी हवा फुप्फुसांतून एकाच दिशेनें वाहते. उडण्याच्या श्रमाला लागणारा प्राणवायु या युक्तीनें मिळतो. पण हवेंतील विषही त्याच वेगानें रक्तांत उतरतें. शास्त्रज्ञ हाल्डेन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोळशाच्या खाणींतील विषारी वायु ओळखण्यासाठीं लहान प्राणी खालीं न्यावेत अशी सूचना केली, ती यामुळेंच. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी पक्षी कायमचे निवृत्त झाले ते १९८६ सालीं, विजेचीं यंत्रें आल्यावर.

खाणींतला कॅनरी गेला. परंतु शहरांतील स्वयंपाकघराशेजारीं टांगलेल्या पिंजऱ्याला आज तेंच काम नकळत करावें लागतें. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामाच शेगडीवर राहून अतिशय तापला, तर त्या लेपांतून निघणारी वाफ माणसाला फारशी जाणवतही नाहीं. पांखरूं मात्र कांहीं मिनिटांत तडफडून मरतें, आणि त्यावर उपाय करण्यास वेळही उरत नाहीं. उदबत्तीचा व डांसांच्या वडीचा धूर, अत्तराचे फवारे, ताजा रंग हींही त्याच्या छातीवर येतात. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर असावा, या एका नियमानें जितकीं पांखरें वांचतील तितकीं एखाद्या औषधाच्या बाटलीनें क्वचितच.

याच रचनेमुळें पांखराला मुठींत घट्ट धरणें हा प्रकारही घातक ठरतो. छातीचें हाड पुढेंमागें हललें तरच त्याचे भाते चालतात. भेदरलेलें पांखरूं सुटूं नये म्हणून मुलें जें प्रेमानें आवळतात त्यांत नाक मोकळें असूनही तें गुदमरतें. मान दोन बोटांत हलकेच धरावी, अंगाभोंवतीं पातळ फडकें असावें, आणि छातीवर दाब बिलकुल नसावा.

अचानक आजार दिसला तर वैद्यापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं घरीं करण्यासारखें थोडें आहे. पण तें थोडेंच फार मोलाचें आहे. पांखराच्या अंगाची ऊब चाळीस अंशांहून अधिक. आजारी असतां ती टिकविण्यांतच त्याचें सारें बळ खर्ची पडतें. पिंजऱ्याच्या तीन बाजू झांकून, चौथीकडून दिव्याची ऊब देऊन आंतली हवा तीस अंशांच्या आसपास ठेवली, अंधुक शांतता दिली आणि पाणी-दाणा तोंडाजवळ ठेवला, तर अर्धें काम झालें. चोंच पसरून, पंख अंगापासून दूर धरून तें धापा टाकूं लागलें तर ऊब जास्त झाली असें समजावें. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यानें कापलेलें कबूतर किंवा घार सांपडली, तर तिलाही पुठ्ठ्याच्या खोक्यांत, अंधारांत ठेवून तसेंच न्यावें. चोंच उघडून पाणी ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाण्याची भीति फार. रक्त वाहत असेल तर मात्र स्वच्छ कापसानें दाबून धरण्यांत क्षणाचाही विलंब नको. बजरीगराच्या सबंध देहांत रक्त तें किती? सुमारें साडेतीन घन सेंटिमीटर, म्हणजे सत्तरएक थेंब. दहाबारा थेंब फरशीवर सांडले कीं षष्ठांश रक्त गेलें.

ब्रँडीचा थेंब, ओव्याचा अर्क, माणसाच्या तापाच्या गोळीचा चुरा, या घरगुती धाडसांविषयीं मात्र कडक शब्द वापरल्यावांचून गत्यंतर नाहीं. एका प्राण्याला गुणकारी ठरलेलें औषध दुसऱ्याला कसें विष होतें याचा धडा याच देशाच्या आकाशांत लिहिला गेला. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतांतील संख्या १९९२ ते २००७ या काळांत हजारांत जेमतेम एक उरावें इतकी घटली. साथ असावी, विषाणु असावा असे तर्क चालले होते. मेलेल्या गिधाडांच्या यकृत-हृदयावर पांढऱ्या भुकटीचे थर आढळत. तें मूत्रपिंडांनीं बाहेर न टाकलेलें यूरिक आम्ल होतें. पाकिस्तानांत झालेल्या संशोधनांतून २००४ सालीं खरें कारण बाहेर आलें : गुरांना वेदनाशामक म्हणून दिलें जाणारें डायक्लोफेनॅक. औषध टोंचल्यानंतर लवकरच मेलेल्या गुराचें मांस खाल्लें कीं गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होत. भारतांत गुरांसाठीं या औषधावर २००६ सालीं बंदी आली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें हरियाणांत पिंजोर येथें गिधाडांचें संगोपन व प्रजनन हातीं घेतलें. तेथें बंदिस्त थव्यांची निगा राखणें हेंच एक स्वतंत्र वैद्यक होऊन बसलें आहे. जी गोळी घरांतील आजोबांच्या गुडघ्याला आराम देते, ती पांखराच्या वाटींत कां टाकूं नये हें यावरून समजावें.

आहाराची गोष्ट निराळी. तेथें आपल्या जुन्या घरांची एक संवय शास्त्राच्या कसोटीला उतरते. पोपटाला हिरवी मिरची देण्याची चाल सर्वपरिचित आहे, आणि मिठू ती तोंड न पोळतां कशी खातो याचें मुलांना नवल वाटतें. मिरचींतील ज्या द्रव्यानें आपली जीभ भाजते त्याची जाणीव पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जवळजवळ होतच नाहीं. रानांत पक्षी मिरची गिळतात आणि तिचें बीं दूरवर पेरतात. मिरचीबरोबर पोपटाला ‘अ’ जीवनसत्त्व बनविणारें द्रव्य मिळतें, आणि नेमकें तेंच सूर्यफुलाच्या बियांत नसल्यासारखें आहे. केवळ बियांवर वाढलेल्या पोपटाच्या तोंडाचें व नाकाचें मऊ अस्तर कातडीसारखें जाड होतें, त्याचा ओलावा जातो आणि जंतूंना वाट मिळते. मग मालक वारंवार सर्दीचें औषध मागत येतो. सूर्यफुलाचें बीं पोपटांना पेढ्यासारखें आवडतें, पण पेढ्यावर कोणी मूल वाढवीत नाहीं. भिजविलेली डाळ, पालेभाजी, गाजर, पेरू, आणि चुन्यासाठीं समुद्रफेस पिंजऱ्यांत असावा. चुना कमी पडलेल्या मादीचें अंडें वाटेंत अडकतें, आणि तें अडकलें तर वैद्याकडे त्याच दिवशीं न्यावें लागतें. नव्यानें बाजारांत दिसणारें ॲव्होकॅडो हें फळ मात्र पांखरांना विषारी आहे, चॉकलेटही तसेंच.

येथें कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें आपला देशी पोपट, डोंगरी मैना किंवा मुनिया पाळणें हा अपराध आहे. पकडलेल्या पिल्लांपैकीं पुष्कळशीं विक्रीपूर्वींच मरतात, तेव्हां ही बंदी पांखरांच्या आरोग्याचाच भाग समजण्यास हरकत नाहीं. घरीं पाळावयाचीं तीं बंदिवासांतच जन्मलेलीं परदेशी जातीचीं पांखरें, आणि त्यांतही ज्यांची नोंद कायद्यानें आवश्यक आहे त्यांची नोंद करूनच.

पांखराच्या दुखण्याशीं माणसाचाही संबंध येतो. १९२९ सालच्या नाताळांत अमेरिकेंत ॲनापोलिस गांवीं एका गृहस्थानें पत्नीला भेट म्हणून पोपट आणला. पोपट थोड्याच दिवसांत मेला. पाठोपाठ घरांतील तिघे तीव्र ज्वरानें व फुप्फुसाच्या दाहानें अंथरुणाला खिळले. सुदैवानें तीं माणसें वांचलीं. अशाच बातम्या इतर शहरांतून आणि युरोपांतूनही येऊं लागल्या. रोग नवा नव्हता. पॅरिसमध्यें १८९२ सालीं दक्षिण अमेरिकेंतून आणलेल्या पोपटांनीं तो पसरविला होता, आणि ‘सिटॅकोसिस’ हें नांव त्याला पोपटाच्या ग्रीक शब्दावरूनच मिळालें. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेंत चार्ल्स आर्मस्ट्राँग या डॉक्टरांनीं तपास हातीं घेतला. त्यांचा सहाय्यक त्याच रोगानें दगावला, ते स्वतः आजारी पडले, आणि ज्यांनीं पक्ष्यांना हातही लावला नव्हता असे त्याच इमारतींतले लोकही अंथरुणाला खिळले. अखेर प्रयोगशाळेच्या प्रमुखांनीं तेथील पक्षी मारून इमारत धुरी देऊन शुद्ध करविली. १९३० च्या आरंभीं अमेरिकेनें पोपटांची आयात बंद केली. पुढें कॅलिफोर्नियांत कार्ल मायर यांच्या तपासांत दिसून आलें कीं, मंदीच्या काळांत लोकांनीं परसांत दाटीवाटीनें वाढविलेल्या बजरीगरांच्या थव्यांतही हा जंतु मुक्काम करून होता, आणि वरून पक्षी ठणठणीत दिसत.

आतां प्रतिजैविकांमुळें या रोगाची पूर्वीची दहशत राहिलेली नाहीं. पण तो गेलेलाही नाहीं. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आंत जाते. म्हणून पिंजरा झाडण्यापूर्वीं कागदावर पाणी शिंपडावें, आणि नवें आणलेलें पांखरूं निदान महिना-दीड महिना दुसऱ्या खोलींत ठेवावें. घरांत कोणाला ताप, असह्य डोकेदुखी आणि कोरडा खोकला एकत्र आला, तर डॉक्टरनें विचारण्याची वाट न पाहतां घरीं पांखरूं आहे हें सांगावें. एवढ्या एका वाक्यानें निदान बदलतें.

एक पिंजरा सोडून शंभर-दोनशें कोंबड्यांच्या खुराड्याकडे वळलें म्हणजे वैद्यकाची भाषाच पालटते. तेथें एकेका रुग्णाला औषध देण्याची वेळ आली तेव्हांच लढाई बहुधा हरलेली असते. १९२६-२७ च्या सुमारास जावा बेटांत, इंग्लंडांत न्यूकॅसल येथें आणि आपल्याकडे कुमाऊंत राणीखेत येथें कोंबड्यांची एकच भयंकर साथ उमटली. इंग्रजांनीं तिला न्यूकॅसलचें नांव दिलें, आपण राणीखेतचें. खेड्यांतील लोकांनीं लक्षण पाहून मानमोडी म्हटलें. हिरवट हगवण, धाप, पिळवटलेली मान, आणि चार दिवसांत खुराडें रिकामें. ज्या बाईच्या मीठमिरचीचा खर्च अंड्यांवर चालतो तिच्या घरीं हें केवढें संकट, हें शहरांतल्या वाचकाला सहज उमजणार नाहीं.

राणीखेतपासून फार दूर नसलेल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेंत हॅडो आणि इदनानी यांनीं १९४० नंतरच्या दशकांत हाच विषाणु अंड्यांतील गर्भांत पुनःपुन्हां वाढवून सौम्य केला, आणि त्यापासून लस सिद्ध झाली. ‘मुक्तेश्वर’ वाणाची ही लस सहा-आठ आठवड्यांच्या पुढील पक्ष्यांना टोंचतात. आठवड्याच्या पिल्लाला तिच्याहून सौम्य लसीचा एक थेंब डोळ्यांत पुरतो. लस फुकट जाते ती बहुधा अज्ञानानें. ती जिवंत असते. उन्हांत ठेवली तर मरते, आणि नळाच्या पाण्यांतील क्लोरीननेंही मरते. म्हणून ती पिण्याच्या पाण्यांतून द्यावयाची असल्यास क्लोरीन नसलेलें पाणी घेऊन त्यांत साय काढलेल्या दुधाची भुकटी विरघळवितात, पक्ष्यांना अगोदर तास-दोन तास तहानलेले ठेवतात, आणि मगच भांडें पुढें करतात. हा क्रम न पाळतां ‘लस दिली होती तरी कोंबड्या मेल्या’ अशी तक्रार करण्यांत तथ्य नाहीं.

कांहीं रोगांना मात्र आपल्याकडे लस हें उत्तर राहिलेलें नाहीं. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांत नवापूर येथें कोंबड्या पटापट मरूं लागल्या, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनें तो बर्ड फ्लूचा विषाणु असल्याचा निर्वाळा दिला. भारतांतील त्या रोगाची ती पहिली नोंद. परिसरांतील लाखों पक्षी मारून पुरावे लागले. पुढल्याच महिन्यांत जळगांव जिल्ह्यांत तोच प्रकार झाला. नवापुरांत कोणा माणसाला लागण झाल्याचें आढळलें नाहीं, तरी देशभर लोकांनीं कोंबडी खाणें सोडलें आणि साथीपासून शेंकडों मैल दूर असलेले पाळणारेही बुडाले. अशा रोगांत इलाज म्हणजे दार बंद ठेवणें : खुराड्यासाठीं निराळ्या चपला, पाहुण्यांना मज्जाव, रानपक्ष्यांना दाणापाण्यापासून दूर ठेवणें, आणि एकाएकीं अनेक पक्षी मेले तर ते लपवून विकून न टाकतां सरकारी दवाखान्यांत वर्दी देणें.

मुंबईंत परळला जनावरांचें रुग्णालय आहे आणि १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय. परंतु या विद्येचें लक्ष साहजिकच गाईबैलांवर राहिलें. लहान पांखरांवर हात बसलेला वैद्य आजही प्रत्येक गांवीं नाहीं, म्हणून तो पांखरूं आजारी पडण्यापूर्वींच शोधून ठेवावा. नेतांना पिंजऱ्यावर कापड असावें, पाण्याची वाटी काढून घ्यावी, तळाचा कागद बदलूं नये, खाण्याचा नमुना आणि वजनाची वही बरोबर असावी. आणि थव्यांतील एखादें पांखरूं मेलेंच, तर तें अंगणांत पुरण्याची घाई करूं नये. साबणाच्या पाण्यानें भिजवून, दुहेरी पिशवींत घालून, बर्फाच्या डब्यांत ठेवून तें त्याच दिवशीं तपासणीस पोहोंचवावें. पुण्यास औंधला यासाठीं सरकारी रोगनिदान प्रयोगशाळा आहे. गोठवून दगड केलेल्या देहांत पेशी फुटून जातात आणि तपासणाऱ्याच्या हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. नुसत्या थंड ठेवलेल्या देहावरून मात्र मागें राहिलेल्यांना काय द्यावयाचें तें बहुधा कळतें.